चुकीच्या पत्त्यावर गेलेली माफी

सोमवार, २ जून

ठमे,

पाकिटावरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच केरात टाकलं असतंस. आता उघडलंच आहेस तर वाच. तुझा ठावठिकाणा मावशीनं सांगितला. तिच्यावर चिडू नकोस, मी तीन रविवार तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं. तू गणवेशाच्या दुकानात काम करतेस हेही तीच म्हणाली. सहा वर्षांत धाकट्या बहिणीबद्दल मला कळलेलं एवढंच.

कशी आहेस, असं विचारत नाही. ते विचारायचं तोंड मला नाही. माझंच सांगते. आधी खाली बस, नाहीतर हसून पडशील. मी रोज सकाळी सहाला चर्चला जाते.

रोज! मी! जिला रविवारी उठवायला आईला उशाशी पातेलं वाजवावं लागायचं, ती मी. ताई चर्चमध्ये फक्त बाकाला टेकू द्यायला येते, असं तूच म्हणायचीस आणि त्यात काही खोटं नव्हतं. प्रवचनाला मी डोळे मिटायचे ते भक्तीनं नव्हे.

झालं असं, की फेब्रुवारीत बसची वेळ बदलली. पहिली बस आता मला पावणेसहालाच हॉस्पिटलपाशी सोडते आणि दुसरी घ्यावी तर कामावर उशीर होतो. उशीर मी हल्ली करत नाही. फाटकासमोर सव्वा तास काय करायचं? समोरच्या छोट्या चर्चचं दार उघडं दिसलं, म्हणून टेकायला आत गेले. आत चर्चच्या किल्ल्या सांभाळणारे आजोबा होते. ते बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडातलं पाणी मगानं बादलीत काढत होते. सगळं काढलं, कुंड आतून कोरडं पुसलं, मग नव्या बादलीनं पुन्हा काठोकाठ भरलं. पंच्याहत्तरीचा माणूस, कमरेतून वाकलेला.

"आजोबा, आज बाप्तिस्मा आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग उद्या?"

"ठाऊक नाही बुवा. वर्षाला तीनचार होतात."

"आणि पाणी रोज बदलता? तीनचारांसाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच येडपट. "आणि आज कुणी आला तर? त्याला काय कालचं पाणी देऊ?"

एरवी मी यावर आठवडाभर पुरेल इतकं हसले असते. त्या दिवशी हसू आलंच नाही, उलट अंगावर काटा आला. कुणीतरी येईल म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं रोज बादल्या वाहतो आहे, आणि नेमकी त्या सकाळी आत आलेली मी होते.

तेव्हापासून जाते. चारपाच माणसं असतात. पाळक फक्त रविवारी येतात, बाकीचे दिवस आमचं आम्हीच. नियम एकच, आजचं बोलायचं. उद्याचं मागायचं नाही, कालचं उगाळायचं नाही. बेकरीवाला रोज एकच मागतो, "प्रभू, आज माझं तोंड आवर." कोपरापर्यंत पीठ लागलेलं असतं त्याच्या हातांना. त्याची बायकोही येते आणि ती सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणते.

चित्रकलेच्या बाईपण येतात. बऱ्या आहेत.

बाकी ठीक.

तुझी ताई


रविवार, ८ जून

ठमे,

मागच्या पत्रात मी लिहिलं, "बऱ्या आहेत." पत्र पेटीत टाकलं आणि ते दोन शब्द दिवसभर टोचत राहिले. तुलाही टोचले असतील.

बाई बऱ्या नाहीत. गुडघा वाकत नाही. बाकाच्या कडेला बसतात आणि उजवा पाय मधल्या वाटेत सरळ सोडतात. येणारा जाणारा त्या पायाला वळसा घालून जातो. मीही घालते. तुला हे लिहायची गरज नाही, त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू तिथे उभी होतीस.

तरी एकदा सगळं कागदावर मांडते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तू वर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होतीस. मी खाली, जिथे सगळ्या थिएटरची हत्यारं धुऊन, पुसून, गुंडाळून वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक होतात तिथे. लोकांना वाटतं मशीन लावलं की काम झालं. पण रोज सकाळी पहिलं हत्यार आत जायच्या आधी ते मशीन रिकामं चालवावं लागतं. आत घडी केलेल्या कापडांचा एकच गठ्ठा, त्याच्या पोटात एक कागद. वाफ सगळीकडे पोचली तर कागद कडेपासून मध्यापर्यंत सारखा काळा होतो. आत कुठे हवा अडकली असेल तर मध्ये फिका डाग राहतो. डाग दिसला की मशीन बंद, मग थिएटर थांबलं तरी चालेल. कागद तारखेसह फाइलमध्ये चिकटवायचा, खाली सही. काल मशीन कितीही चांगलं चाललेलं असो, आज त्याचा उपयोग नाही.

अठ्ठावीस वर्षं मी हे करते आहे. बावीस वर्षं मला ती कटकट वाटायची. आता तो गठ्ठा उघडताना माझा श्वास थांबतो. एवढं मोठं लोखंडी धूड, आणि रोज सकाळी ते पहिल्यापासून सिद्ध व्हावं लागतं. आणि होतं! कागद काळा निघाला की मी आपल्याशीच "देवा, तुझे उपकार" म्हणते. पलीकडच्या टेबलावरच्या बाईला वाटतं माझं वय झालं.

तर त्या सकाळी माझी बस चुकली होती. घाई होती. एवढंच.

पुढचं तुला पाठ आहे. बाईंच्या गुडघ्यात पू झाला. आणखी तीन ऑपरेशनं झाली. चौकशी बसली. फाइल काढली, त्यात त्या तारखेचा कागद काळाभोर, खाली माझी सही. मशीन निर्दोष, मग दोष कुठे? हत्यारांचा सेट ज्यानं उघडला त्याच्या हातात. माझा कागद स्वच्छ होता म्हणून तुझे हात घाण ठरले. नर्सिंग कौन्सिलनं तुझं रजिस्ट्रेशन काढून घेतलं. सतरा वर्षं काम केलेली नर्स एका दुपारी कुणीच राहिली नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तू मला विचारलंस, "ताई, त्या सकाळी टेस्ट केली होतीस ना?" आणि मी म्हणाले, "हो. फाइलमध्ये कागद आहे की."

पुढचं आज लिहीत नाही. हात दुखतो आहे.

हात दुखत नाहीये. पण आज नाही.

ताई


शुक्रवार, २० जून

ठमे,

आज जे ऐकलं ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

आम्ही प्रार्थना मनात नाहीतर हळू आवाजात करतो. मी नेहमी मागे बसते, बाई पुढे. चार महिने त्यांच्या जवळ बसायचं मी टाळलं होतं. आज मागच्या बाकांना रंग दिलेला होता, म्हणून आजोबांनी सगळ्यांना पुढे हाकललं. मी बाईंच्या शेजारी आले. त्या काठी मांडीवर आडवी ठेवून पुटपुटत होत्या. मी कान देणार नव्हते. दिला.

"बापा, माझ्या ऑपरेशनच्या वेळच्या त्या नर्सला मी आज माफ करते. काल केली होती ती कालच संपली. आज पुन्हा दुखतंय, म्हणून आज पुन्हा करते. ती असेल तिथे तिची सकाळ नवी कर. येशूच्या नावात, आमेन."

नंतर त्यांना उठायला हात दिला आणि जीभ रेटून विचारलं, "बाई, हे रोज?"

"रोज. पाय रोज दुखतो ना."

"एकदाच करून मोकळं होता येत नाही?"

त्या हसल्या. "मलाही वाटलं होतं येईल. पहिल्यांदा माफ केलं तेव्हा केवढी मोठी झाल्यासारखी घरी गेले, आणि दुपारी जिना चढताना तिला अशा शिव्या दिल्या की शेजारी बाहेर आले. तेव्हा कळलं, आपला काही घाऊक व्यवहार नाही. मी चित्रकला शिकवलेली बाई. मला एका वेळी एकच कागद रंगवता येतो. तो रोज कोरा कागद देतो, मी रोज रंगवते."

"तो" म्हणताना त्यांनी वर बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघितलं, शेजारचं घर दाखवावं इतक्या सहज.

आजोबांना विचारलं. म्हणाले, सहा वर्षं चाललंय. पहिल्या वर्षी तर त्यांना दोघं धरून आणायची.

सहा वर्षं म्हणजे किती सकाळी होतात ठमे? दोन हजारांच्या वर. तू तिकडे गणवेशांना बटणं लावत होतीस आणि इथे एक बाई काठी टेकत येऊन तुझ्यासाठी नवा दिवस मागत होती. आणि ती सगळी माफी, एकही दिवस न चुकता, चुकीच्या पत्त्यावर जात होती. तुला तिची गरजच नव्हती. जिला होती ती तीन बाकं मागे बसून शेजारच्या बाईच्या चपला बघत होती.

मला लाज वाटली हे तर आहेच. पण लाजेहूनही जास्त वाटलं ते निराळं होतं, आणि त्याला माझ्याकडे शब्द नाही. लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा तू माझा फ्रॉक घट्ट धरून ठेवला होतास आणि आपण दोघी किती वेळ गप्प होतो, आठवतं? तसं झालं. एवढं मोठं काहीतरी रोज माझ्या समोर चालू होतं आणि मी त्याला पाठ करून बस कधी येते ते बघत होते.

उद्या लिहिते. नक्की.

ताई


शनिवार, २१ जून

ठमे,

मी टेस्ट केली नव्हती.

बस चुकली नव्हती. बस वेळेवर आली आणि गेली, मी अंथरुणात होते. कारण काहीच नाही. ताप नव्हता, भांडण नव्हतं. झोप गोड लागली होती. एका माणसाचा पाय आणि एका माणसाचं आयुष्य माझ्या अर्ध्या तासाच्या झोपेत गेलं.

मी पोचले तेव्हा वरून सेटची मागणी आलेली होती. टेस्टला चाळीस मिनिटं लागली असती आणि माझा उशीर उघडा पडला असता. त्याच्या आठवडाभर आधी मशीन दुरुस्त झालं होतं. तेव्हा मेकॅनिकनं तीन टेस्ट चालवल्या होत्या. एक कागद फाइलला लागला, दोन चांगले काळे कागद उरले, ते मी खणात ठेवले होते. असू देत, म्हणून. त्यातला एक काढला, तारीख टाकली, चिकटवला, सही केली. दोन मिनिटांचं काम. मग मशीन भरलं. दुसऱ्या दिवशीच्या टेस्टला कागदावर मधोमध रुपयाएवढा फिका डाग आला. मी मेकॅनिकला बोलावलं, दाराचं रबर बदलून घेतलं आणि आदल्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हा बाईंना साधी कणकणही आली नव्हती. त्याच दिवशी बोलले असते तर कदाचित औषधं वेळेवर सुरू झाली असती.

स्वयंपाकघरात तू विचारलंस तेव्हा अजूनही वेळ होती. तू माझ्या डोळ्यांत बघत होतीस. मी कांद्याकडे बघत "हो" म्हणाले.

मी नोकरीला घाबरले असं मी स्वतःला सहा वर्षं सांगितलं. तेही पूर्ण खरं नाही. तू नेहमी हुशार होतीस. तू वर पांढऱ्या कपड्यांत, मी खाली वाफेत. तुझ्यावर बोट आलं तेव्हा माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, क्षणभर, बरं वाटलं होतं. हे मी देवालाही सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

माफी मागत नाही. आधी जे करायला हवं ते करते, मग बघू.

ताई


मंगळवार, १५ जुलै

ठमे,

केलं.

आधी बाईंना सांगितलं. मागचं पत्र टाकल्यावर आलेल्या सोमवारी, प्रार्थना संपल्यावर, चर्चमध्येच. उभ्यानं सांगायचं ठरवलं होतं, पण मी त्यांच्या पायाशी, त्या वाटेतच खाली बसले. सगळं सांगितलं. झोप, खण, कागद, तुझा प्रश्न, माझं "हो". बाईंनी काठी घेतली, एकट्याच उठल्या, उठायला किती वेळ लागला ते मी बघितलं, आणि निघून गेल्या.

तिथून थेट हॉस्पिटलात मेट्रनबाईंकडे गेले. त्या नव्या आहेत, आपल्या वेळच्या नव्हेत. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"सहा वर्षांनी?"

"हो."

"आता तर कुणी विचारतही नव्हतं तुम्हाला."

"तेच सोसवेना, बाई."

खणातला दुसरा कागद मी टाकला नव्हता. का ठेवला होता देव जाणे. तो पुढे केला. फाइलमधला काढला. दोन्हींच्या कोपऱ्यात एकाच पुडक्याचा छापील नंबर, आणि मेकॅनिकच्या दुरुस्तीच्या नोंदीतही तोच नंबर. त्या तारखेला आम्ही वापरत होतो ते पुडकं वेगळंच होतं. चौकशीच्या वेळी कुणी फाइलचं पुढचं पान उलटलं नव्हतं, की कोपऱ्याकडे बघितलं नव्हतं. सगळे काळा रंग बघत राहिले.

चौकशी पुन्हा बसली. मी तीनदा सगळं सांगितलं, वळण न देता. मला काढतील अशी तयारी ठेवली होती, डबा आणि शाल घरी आणून ठेवली होती. काढलं नाही. सहीचा अधिकार कायमचा गेला आणि मला धुण्याच्या टेबलावर पाठवलं. वरून रक्ताळलेलं येतं ते पहिल्यांदा माझ्या हातात येतं. इथे नव्यानं लागलेल्या बायका उभ्या असतात, म्हातारी मी एकटीच. शिक्षा कमी झाली असं म्हणणारे आहेत. मलाही तसंच वाटतं.

आणि तुझं. तुझा काहीही दोष नव्हता, असं हॉस्पिटलनं कौन्सिलला लेखी कळवलं आहे. नक्कल सोबत जोडली आहे. कौन्सिलचं पत्र तुला वेगळं येईल. हे तुला कुणी दिलेलं नाही, ते तुझंच होतं, मी दाबून बसले होते.

आता बाईंचं ऐक. दोन दिवस त्या आल्या नाहीत. त्यांची जागा रिकामी होती आणि तरीही येणारे सवयीनं वाटेत वळसा घालत होते. मी मनात म्हटलं, झालं, सहा वर्षं रोज देवाकडे येणाऱ्या बाईला मी देवापासून तोडलं. माझ्या पापांच्या यादीत हे सगळ्यांत मोठं ठरलं असतं. आजोबांनी काही विचारलं नाही. बेकरीवाल्यानं विचारायला तोंड उघडलं, पण त्याची प्रार्थना त्याच दिवशी नेमकी फळली.

तिसऱ्या दिवशी काठीचा आवाज आला. बाई आल्या, बसल्या, पाय वाटेत सोडला. आणि पुटपुटल्या नाहीत, चांगलं वर्गात शिकवावं तशा मोठ्यानं बोलल्या.

"बापा, सहा वर्षं मी चुकीच्या माणसाला माफ करत होते. तू काही बोलला नाहीस. मला तुझाही राग आला आहे. खऱ्या माणसाला माफ करायचं तर आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. माझ्यात तेवढा दम उरलेला नाही. पण आजच्यापुरता दे. आजचा पहिला दिवस."

आणि मग, काठी जमिनीवर टेकवून, "आमेन."

बेकरीवाल्याची बायकोसुद्धा आमेन म्हणायला विसरली. मी बाक दोन्ही हातांनी धरून बसले होते. वरच्या साध्या काचेतून उजेड येत होता, रोज येतो तसाच, आणि मला वर बघायची हिंमत होत नव्हती. ठमे, मला वाटायचं देव म्हणजे आभाळात बसून हिशेब ठेवणारा कुणी. त्या सकाळी मला कळलं, तो सत्तरीच्या, पाय न वाकणाऱ्या, रागावलेल्या बाईला पुन्हा पहिल्या दिवसावर उभं करतो. तिचा राग घालवत नाही, तिला फक्त एक दिवस देतो. आणि तो दिवस ती मला देते. याहून मोठं काही मी बघितलेलं नाही आणि बघायची मागणीही नाही.

बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "त्या तुमच्या बहिणीला लिहा. तिची दोन हजार दिवसांची माफी माझ्याकडून फुकट गेली. परत नको म्हणावं, राहू दे तिच्याकडे. पुढेमागे कुणाला द्यायला उपयोगी पडेल."

निरोप पोचवला. मी त्यात काही मागत नाही.

ताई


शनिवार, २ ऑगस्ट

ठमे,

तू रोज फोन करतेस आणि मी तरीही पत्र लिहिते आहे. फोनवर मला बोलता येत नाही आणि तू बोलू देत नाहीस, म्हणून.

पहिला फोन आला त्या गुरुवारी पहाटेचे पाच वाजले होते, माझ्या एका पायात बूट होता. तू अकरा मिनिटं बोललीस. मी घड्याळ बघत नव्हते, ते समोरच होतं. इतक्या शिव्या तुला येतात हे मला ठाऊक नव्हतं, काही तर आईच्या होत्या. सगळ्या बरोबर बसल्या. मग तू म्हणालीस, "कागदाचं मी समजू शकते. घाबरलीस, केलंस. पण तू स्वयंपाकघरात माझ्या तोंडावर हो म्हणालीस. त्या 'हो'चं काय करू मी, ताई?"

मी म्हणाले, "ते 'हो' माझंच होतं."

"मी तुला माफ करणार नाही." मग तिकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. "आज तरी नाही." आणि फोन ठेवलास.

मी एका बुटावर तशीच उभी राहिले. सहा वर्षांनी तू मला "ताई" म्हणालीस आणि पाठोपाठ "आज तरी" म्हणालीस. लोक चमत्कार शोधायला कुठे कुठे जातात. बस पकडायला मला धावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. "आजही नाही." ठक. तिसऱ्या दिवशी, "नाही." चौथ्या दिवशी तुला सर्दी झाली होती, "दाही," असं ऐकू आलं आणि मला हसू आलं, तू चिडलीस आणि दोन मिनिटं जास्त बोललीस. असे आठ दिवस, आठ वेळा नाही. माझ्या बरोबरीच्या बायकांची त्यांच्या बहिणी सणासुदीलाही आठवण काढत नाहीत, आणि माझी बहीण मला रोज पहाटे उठून आठवणीनं नकार कळवते. मी बूट घालून फोनपाशी बसून राहते. चर्चमध्ये मी हल्ली एकच गोष्ट मागते, आज तिनं फोन करावा. काय बोलावं ते तिचं ती बघेल.

बाई आता छत्तिसाव्या दिवसावर आहेत. त्यांच्या आकड्यात मधले दोन दिवस नाहीत. त्या दोन्ही दिवशी जमलं नाही असं त्यांनी मला सरळ सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आल्या.

आणि कालचा, नववा फोन. तो मी शब्द न शब्द लिहून ठेवते आहे, पुढे कधी तू "मी असं म्हणालेच नव्हते" म्हणशील म्हणून.

तू म्हणालीस, "धुण्याच्या टेबलावर टाकलंय ना तुला?"

"हो."

"त्या लांब कात्र्या असतात, त्यांच्या सांध्यात रक्त राहतं. वर आम्हाला दिसायचं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? उघडून घासतेस का?"

"उघडून. मऊ ब्रशनं. पाण्याखाली धरून."

"पाण्याखाली कशाला?"

"शिंतोडे उडू नयेत म्हणून."

"हं." मग तू खोकलीस. सर्दी अजून गेलेली नाही, गरम पाणी पी. "कौन्सिलचा फॉर्म आलाय. पुन्हा नाव लावायचं तर परीक्षा द्यावी लागेल. सहा वर्षांत सगळंच बदललं असेल."

"बरंच बदललंय. काही आहे तसंच आहे."

"काय काय बदललंय?"

मी सांगायला लागले. नवी मशीनं, गुंडाळायचे नवे कागद, कुठल्या सेटला आता किती मुदत. तू मध्येमध्ये प्रश्न विचारत होतीस, नेमके, थिएटरमध्ये विचारायचीस तसे, आणि मागे तुझ्या पेनाचा आवाज येत होता. तू लिहून घेत होतीस. माझी बस गेली. मी जाऊ दिली, दुसरीनं गेले, उशीर झाला आणि उशीर झाला असं मेट्रनबाईंना स्वतः जाऊन सांगितलं.

शेवटी तू म्हणालीस, "बाकीचं उद्या सांग. मला आवरायचंय." आणि फोन ठेवलास.

"नाही" म्हणायचं राहिलं तुझं. मी काही आठवण करून दिली नाही.

तुझी ताई